वन्संचं ऑपरेशन

५ जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही सगळे ठणठणीत आहोत. फोनच करणार होते. पण तुमच्याकडे फोन दादा उचलतो, दादाने उचलला की तो स्पीकरवर जातो, आणि मग माझं बोलणं तुमच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जातं. हे बोलणं शेजाऱ्यांसाठी नाही. दादासाठी तर मुळीच नाही. त्याने विचारलं तर सांग, स्वेटरची वीण विचारली आहे.

तुला माहीतच आहे, साखर वाढल्यापासून दोन वर्षं मी तोंड आवरलं, रोज पहाटे चालले आणि निम्मी झाले. जो तो कौतुक करतो. पण वजन गेलं तसं कातडंही जायला हवं होतं, ते काही गेलं नाही. पोटाचं एक वेळ झाकता येतं. वरचं नाही. एक मूल अंगावर पाजलं, त्यानंतर वीस वर्षं जाडजूड होते, आणि आता एकदम सगळं रिकामं झालंय. दोरीवर मोजे वाळत घातल्यासारखं दिसतं, म्हणजे बघ.

माझं काम तू पाहिलं आहेस. गिऱ्हाईक खुर्चीत, मी तिच्या मागे, समोर भिंतभर आरसा. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री बंद करेपर्यंत तो समोरून हलत नाही. बायका स्वतःकडे बघतात, आणि मी त्यांच्या केसांकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघते. कात्री चालवायला हात वर केले की एप्रन पुढून सपाट होतो आणि जे काही आहे ते पोटाशी जाऊन बसतं. उन्हाळ्यात खाली घामोळं येतं, कातडी सोलते. गेल्या आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या केसांची एक बाजू बोटभर आखूड झाली. तिला कळलं नाही, मला कळलं. का झाली तेही कळलं.

ते वर उचलून देण्याचं एक ऑपरेशन असतं. महिनाभर मी त्याबद्दल वाचतेय. एक म्हणतो चार दिवसांत कामावर, दुसरीकडे एका बाईचा फोटो पाहून माझी झोप उडाली. आमच्या ड्रायव्हरला विचारलं. बस डेपोत लावून घरी आला होता, बूट काढता काढता म्हणाला, "मला तू आहेस तशी आवडतेस." आता यावर बायकोने काय बोलायचं? त्याला आवडते हे खरंच आहे. पण आरशासमोर दिवसभर तो उभा नसतो, मी असते.

तू ऑपरेशन थिएटरात आयुष्य काढलंस, सर्जनच्या हातात हत्यारं दिलीस. मला खरं काय ते सांग. करू का? आणि हसू नकोस. म्हणजे हसलीस तरी चालेल, फक्त पत्रात लिहू नकोस.

तुझी,
वन्सं (तू चिडवायला म्हणतेस, तीच)


१३ जानेवारी

प्रिय वन्सं,

हसले. लिहू नकोस म्हणालीस म्हणून मुद्दाम लिहिते. पण मोज्यांना हसले, तुला नाही.

आधी एक गोष्ट. पत्रभर तू 'ते', 'वरचं' आणि 'सगळं' लिहिलं आहेस. स्तन म्हण. कान म्हणतेस, गुडघा म्हणतेस, तसं स्तन म्हण. डॉक्टरांना जाऊन "ते वरचं" म्हणालीस तर ते तुझं डोकं तपासतील.

आता ऑपरेशन. दोन-तीन तास, पूर्ण भूल. जास्तीची कातडी काढतात, आतल्या भागाला आकार देतात, स्तनाग्र वरच्या जागी नेऊन बसवतात. यात स्तन मोठे होत नाहीत, उलट थोडे लहान वाटतात. वरून भरलेले हवे असतील तर आत काहीतरी घालावं लागतं आणि मग ती आणखी एक कटकट, तिची वेगळी देखभाल. व्रण राहतात. स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली सरळ, आणि तुझ्याइतकी कातडी असेल तर खालच्या घडीत आडवाही. वर्ष-दीड वर्षात ते फिके होतात, जात नाहीत. संवेदना कमी होते, बहुतेकींची परत येते, काहींची येत नाही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. आणि एवढं करून ते कायमचं नसतं, वय आणि वजन आपलं काम करतच राहतं. महिना-दीड महिना हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, जड उचलायचं नाही, पोटावर झोपायचं नाही. तुझ्या धंद्यात हात खाली ठेवून कोणते केस कापणार आहेस?

खरं सांग म्हणालीस, तर खरं हे. तीस वर्षांत माझ्या टेबलावर किती बायका येऊन गेल्या याचा हिशेब नाही. जाड, बारीक, चार-चार मुलं झालेल्या. एकीचेही स्तन मला असे दिसले नाहीत की बाईने त्यांच्यासाठी भूल घ्यावी. तुझेही नसणार. चांगल्या आधाराची ब्रा घे, घामोळ्याला पावडर लाव, आणि आरशात गिऱ्हाइकाचे केस बघ.

तुझा दादा विचारत होता काय लिहितेस. म्हटलं, स्वेटरची वीण. म्हणाला, माझ्यासाठी का?

तुझी,
वहिनी


२२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

उशीर झाला, कारण मी फुगले होते. टपालपेटीपर्यंत तीनदा गेले आणि परत आले. तिन्ही पत्रं भांडणाची होती, फाडून टाकली. हे चौथं.

तू लिहिलंस त्यातलं एक अक्षरही खोटं नसणार. पण मला सांग, त्या बायका तू पाहिल्यास कशा? टेबलावर. पाठीवर झोपलेल्या, डोळे मिटलेल्या. अगं, पाठीवर झोपले की माझंही काही बिघडलेलं नसतं. दोन्हीकडे आपापली जागा घेऊन गुमान पडून राहतात. पलंगावर पडल्या पडल्या मी अठरा वर्षांची असते. पंचाईत उठल्यावर सुरू होते. तू आयुष्यभर आम्हाला आडवं पाहिलंस, वहिनी. मी उभ्याने जगते. माझा धंदाच उभ्याचा आहे.

आणि आणखी एक बोलते, मग रागाव हवं तर. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची. माझी पहिली ब्रा तू आणलीस. लग्न होऊन तुला वर्षही झालं नव्हतं. मी लाजून छातीशी दप्तर धरून, पोक काढून चालायचे, आणि तू मागून पाठीत धपाटा घालायचीस. म्हणायचीस, "ताठ चाल, काही चोरून नेत नाहीयेस." तुझ्या धपाट्यांनी मी ताठ झाले. आता पुन्हा पोक काढून चालते. आरशात दिसतं मला. आणि तू म्हणतेस, पावडर लाव.

मला अठरा वर्षांची व्हायचं नाही. कुणाला दाखवायचंही नाही. मला फक्त कामात असताना कामात असायचंय. एवढं मागणं म्हणजे डोक्यात हवा गेली असं तुला वाटत असेल, तर तसं लिही. मी पुन्हा विचारणार नाही.

तुझी,
वन्सं


२८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुझं पत्र वाचलं आणि खोलीला कडी लावून कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. मग पलंगावर आडवी झाले आणि हातात आरसा धरून पाहिलं. मग परत उभी. दादाने बाहेरून विचारलं, काय चाललंय. सांगितलं, गुडघ्याचा व्यायाम.

तुझं बरोबर आहे आणि मी चुकले. टेबलावर बाई येते तेव्हा तिच्या छातीवर सर्जनने पेनने केलेल्या खुणा आधीच असतात. त्या तिला जागी असताना, उभं करून काढतात. आडवं केल्यावर कुठलं काय कुठे होतं ते सर्जनलाही कळत नाही, म्हणून. मी त्याच खुणांवर औषध लावायचे, त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून जपायचे, आणि त्या कशाला काढल्यात याचा एकदाही विचार केला नाही. मला वाटायचं मी सगळ्यांना पाहिलंय. मी त्यांना फक्त झोपलेलं पाहिलं होतं.

म्हणून काल आमच्या ड्रेसिंगवालीकडे गेले. ही माझी जुनी मैत्रीण, टाके काढण्याच्या आणि पट्ट्या बदलण्याच्या खोलीत तिची नोकरी झाली. माझ्याकडून झोपून गेलेल्या बायका तिच्याकडे चालत यायच्या. ती म्हणते, ज्यांना व्रण कुठे येणार ते आधी पक्कं ठाऊक होतं, त्या बहुतेक समाधानी असायच्या. ज्यांना वाटायचं की यानंतर नवरा सुधारेल, नाहीतर नवीन मिळेल, त्या पट्टी सुटल्यावर रडायच्या. आणि म्हणाली, खाली जिथे उभा आणि आडवा टाका एकत्र येतो, ती जागा सगळ्यात खोडसाळ. तिथे जखम उघडते, भरायला वेळ घेते. साखर हाताबाहेर असली तर जास्तच.

तेव्हा जायचंच असेल तर नीट जा. प्लॅस्टिक सर्जरी शिकलेलाच सर्जन हवा, नुसतं चकचकीत दुकान थाटलेला नको. अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता ते तोंडावर विचार. त्यांच्याच पेशंटचे फोटो माग, आठवड्यानंतरचे नव्हे, वर्षानंतरचे, आणि नीट न झालेलेही. बिघडलं तर पुन्हा कोण बघणार, कुठे बघणार, तेही. भूल कोण देणार हे विचारायला लाजू नकोस. तुझ्या वयाला स्तनांची मॅमोग्राफी आधी झालेली बरी. आणि वजन किमान सहा महिने एका जागी राहिलेलं असू दे. तू घेतेस त्या सगळ्या गोळ्या, काढे, पुड्या, जे काही असेल ते खरं सांग, त्यातल्या काहींनी रक्त पातळ होतं.

मी 'कर' म्हणत नाही. 'करू नकोस' म्हटलं होतं, ते मागे घेते.

तुझी,
वहिनी

ता.क. धपाट्यांचं विसरले होते. जोरात लागायचे का गं?


२० मार्च

प्रिय वहिनी,

जोरात लागायचे. तुझा हात आहे की फळकूट.

काल सर्जनबाईंकडे जाऊन आले. पन्नाशीच्या असतील, केस स्वतःच कापत असाव्यात, मागून वाकडे आहेत. मी ते बघत बसले म्हणून भीती जरा कमी झाली. आत शिरल्या शिरल्या तुझी आठवण काढून मोठ्याने म्हटलं, "माझे स्तन ओघळलेत." बाहेर बाकावर बसलेल्या गृहस्थांनी वर्तमानपत्र तोंडापुढे घेतलं.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हे कुणासाठी करताय?" मी म्हटलं, "आरशासाठी." त्या हसल्या नाहीत. मी दुकानाचं सांगितलं, एका बाजूने आखूड झालेल्या केसांचंही सांगितलं. मग त्यांनी मला उभं करून गळ्याच्या हाडापासून फितीने मोजलं. डावा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या केसांच्या दोन्ही बाजू जुळवते आणि स्वतःचं मला माहीत नव्हतं.

तू सांगितलेलं सगळं विचारलं. फोटो दाखवले. दोन चांगले, एक असा की व्रण जाड दोरीसारखा. तोही त्यांनी आपणहून दाखवला. आत काही घालायची गरज नाही म्हणाल्या, आहे त्यातूनच होईल, थोडे लहान होतील. लहान म्हटल्यावर मला तर उलट बरं वाटलं. आणखी मूल नको ना ते विचारलं, मी म्हटलं एकच आहे आणि तो दाढी करतो. साखर विचारली, गोळ्या विचारल्या, वजन वर्षभर एकाच जागी आहे तेही सांगितलं. मॅमोग्राफी झाली, स्वच्छ आहे. ती करताना मात्र जीव गेला, कपड्यांना इस्त्री करतात तसं दाबतात.

तारीख मिळाली, २२ एप्रिल. दुकानातली माझी भागीदार, केस रंगवणारी, दीड महिना सगळं सांभाळायला तयार आहे. मी दोनदा नाचले. एकदा दुकानात, एकदा घरी. ड्रायव्हरने विचारलं, भूल आत्ताच दिली का?

तू येशील ना?

तुझी,
वन्सं


२५ मार्च

प्रिय वन्सं,

पत्र वाचून आनंद झाला. सर्जनबाई मला आवडल्या. पण एक राहिलं.

साखरेचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं, वजनाचं विचारलं, मुलांचं विचारलं. एवढं विचारणारी बाई सिगरेटचं विचारल्याशिवाय राहणार नाही. तुझ्या पत्रात त्याचं नाव नाही. म्हणजे तू "नाही" म्हणून आलीस.

मी तुला कॉलेजात असताना गच्चीवर पकडलं होतं. तुझ्या दादाला मी आजवर सांगितलेलं नाही, पुढेही सांगणार नाही. पण दुकानाच्या मागच्या दाराशी तू अजून ओढतेस हे मला माहीत आहे. मागच्या वेळी आले तेव्हा तू म्हणालीस, केस झाडायला जाते. केस तर पुढेच पडले होते.

आता नीट ऐक. सिगरेटने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या ऑपरेशनात स्तनाग्र जागेवरून हलवतात, ते त्याच बारीक वाहिन्यांवर जगतं. रक्त पोचलं नाही तर ते काळं पडतं. मग मरतं. आमच्याकडे एक बाई अशी परत आली होती, तिनेही नाही म्हणून सांगितलं होतं. मेलेला भाग काढून टाकायला मीच हत्यारं दिली. ती भुलेत होती, तिला ते दिसलं नाही. मला दिसलं.

एक असो की दहा, ओढायची नाही, तंबाखू चघळायचा नाही, निकोटिनची चिकटवायची पट्टीही बाईंना विचारल्याशिवाय नाही. त्यांना जाऊन खरं सांग. नाहीतर मी येऊन सांगेन, आणि दादासारखा स्पीकर लावून सांगेन.

मी रागावलेली नाही. मी घाबरले आहे. तुझ्या बाबतीत मला घाबरायची सवय नाही, त्यामुळे जमतही नाहीये.

तुझी,
वहिनी


१८ एप्रिल

प्रिय वहिनी,

तारीख गेली.

तुझं पत्र आल्यावर दोन आठवडे मी ते दुकानात शांपूच्या बाटल्यांमागे ठेवलं होतं. तुझा इतका राग आला होता की तुझ्या नावाने मागच्या दाराशी जाऊन दोन जास्तीच्या ओढल्या. मग रात्री अंथरुणात हात छातीवर गेला. वाटलं, हे माझंच आहे आणि मीच याच्याशी खोटं बोलून आले. सकाळी उठून गेले.

बाईंना म्हटलं, मी खोटं बोलले. दिवसाला दोन-तीन ओढते. त्यांनी वहीत तारखेवर काट मारली. मग म्हणाल्या, "पूर्ण सोडा. तीन महिन्यांनी या, मी तपासणी करणार, नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही." दाराशी गेले तेव्हा म्हणाल्या, "आलात ते बरं केलंत." मी जिन्यात बसून रडले. लपवलं ते तारीख जाईल म्हणूनच लपवलं होतं, आणि गेलीच.

आता दहावा दिवस आहे. भागीदार म्हणते, मी गिऱ्हाइकांवर खेकसते. बडीशेप खाऊन खाऊन तोंड सोललंय. ड्रायव्हरही सोडतो म्हणाला, मला सोबत म्हणून. त्याच्या खिशात काल पाकीट सापडलं. तो म्हणतो, ते एका प्रवाशाचं आहे, परत करायचंय. भांडायचंही त्राण नव्हतं, हसले.

वजन पुन्हा चढू नये म्हणून संध्याकाळीही चालते. चालताना तुला शिव्या घालते, त्याने बराच वेळ जातो. पण एक सांगू? माझ्यासाठी असं घाबरणारं माणूस माझं आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. ते मी रागावलेली होते तेव्हाही वाटलं होतं.

तुझी,
वन्सं


२४ एप्रिल

माझी गुणाची वन्सं,

तारीख गेली तर जाऊ दे, तारखा पुष्कळ येतील. तू जाऊन सांगितलंस याचा मला इतका अभिमान वाटला की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. घरात एकच माणूस होतं.

होय, दादाला सांगितलं. सिगरेट वगळून सगळं. मी तयारीत होते की तो म्हणेल, या वयात हे काय. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "दुखेल का तिला?" मी म्हटलं, दुखेल थोडे दिवस. मग म्हणाला, "हात वर करता येणार नाहीत, तर तिचे केस कोण धुणार?" आणि उठून आत गेला. बाहेर आला तो माझी बॅग माळ्यावरून काढूनच. म्हटलं, अहो, अजून तीन महिने आहेत.

मी येते. दोन आठवडे राहीन. तोवर रोजच्या वापराचं सामान कमरेच्या उंचीला आणून ठेव, पुढून बटणं असलेले सैल कपडे काढून ठेव आणि पाठीवर झोपायची सवय लाव. सिगरेट आठवली की मला पत्र लिही. उत्तर आलं नाही तरी लिही.

तुझी,
वहिनी


२४ जुलै, दवाखान्यात, बाकावर

वन्सं,

तू आत आहेस आणि मी बाहेर. हे पत्र तुला पुढे देईन, नाहीतर देणारही नाही. हातांना काम हवं म्हणून लिहिते.

सकाळी बाई खुणा करायला आल्या तेव्हा तू म्हणालीस, वहिनीला राहू द्या. त्यांनी तुला खिडकीसमोर उभं केलं. तू शाळेतल्यासारखी पाठ ताठ केलीस. बाई म्हणाल्या, तसं नको, रोज उभ्या राहता तशा राहा. मग तुझे खांदे हळूहळू पुढे आले. ते पाहून मला भिंतीकडे तोंड करावं लागलं. पहिल्या पत्रात जिला मी पावडर लाव म्हणून लिहिलं होतं, ती ही मुलगी.

आत आता काय चाललं असेल ते मला ठाऊक आहे, तोच तर त्रास आहे. बाकीच्यांना वाटतं ऑपरेशन चालू आहे. मला वाटतं, आता नळी घातली असेल, आता कापडं टाकली असतील, आता पहिला काप. उजवा आधी घेतील की डावा. हत्यारं देणारी नवीन असली तर. ती मोजते का नीट.

ड्रायव्हर रजा काढून आलाय. तिसऱ्यांदा चहा आणायला गेलाय, आधीचे दोन त्याच्याच बाकाखाली थंड होऊन पडलेत. दादाचे चार फोन आले. चौथ्या वेळी तो नुसता फोन धरून बसला. मीही धरला.

आमच्या थिएटरच्या बाहेरही असाच बाक होता. दार उघडताना मी बसलेल्या लोकांवर एक नजर टाकायचे आणि निघून जायचे. वाटायचं, ही माणसं चप्पल का घासतायत, एका जागी का बसत नाहीत. मी आत्ता चप्पल घासतेय.

दार उघडतंय.

(नंतर) निळ्या टोपीतली एक पोरगी बाहेर आली आणि म्हणाली, "पेशंटचं कोण आहे?" हा प्रश्न मी एवढ्या वेळा विचारलाय की सवयीने मीही वळून बघितलं, कोण उठतंय. कुणीच उठेना. ड्रायव्हर चहाला गेलेला. ती पुन्हा म्हणाली, कोण आहे? तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी उठले आणि म्हटलं, "मी."

नातं काय ते तिने विचारलं नाही. बरं झालं. वहिनी म्हटलं असतं तर ते कमी पडलं असतं, आणि दुसरं काय म्हणायचं ते मला पटकन सुचलं नसतं.

सगळं नीट झालंय. संध्याकाळी तू डोळे उघडलेस. मी वाट बघत होते की तू विचारशील, कसं झालं. तू जड जिभेने म्हणालीस, "वहिनी, जेवलीस का?" मी नाही म्हटलं, तर माझ्यावर रागावलीस आणि पुन्हा झोपलीस.

तुझीच


१२ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

जाताना उशीखाली ठेवून गेलीस ते पत्र मी दोनदाच वाचलं. तिसऱ्यांदा हिंमत नाही. नातं विचारलं तर काय सांगायचं ते मी तुला सांगते: तिचं जे कुणी असेल ते मीच, असं सांग.

तपासणीला जाऊन आले, म्हणून सगळा अहवाल. व्रण अजून लाल आहेत, उभा जरा फिका पडायला लागलाय. खाली डावीकडे टाका उघडला होता, तुझ्या ड्रेसिंगवालीने सांगितलं होतं त्याच जागी, तो महिनाभराने भरला. डाव्या स्तनाग्राला अजून काही कळत नाही. बाई म्हणाल्या, कळेल, किंवा नाहीही कळणार, वाट बघू. डावा आता उजव्यापेक्षा किंचित वर आहे. म्हणजे आधीचा तंटा अजून मिटलेला नाही, फक्त दोघांनी जागा बदलली.

पहिल्यांदा पट्टी सुटली तेव्हा मी रडले होते, ते तू पाहिलंस. सुजलेलं, पिवळंनिळं, चौकोनी. वाटलं, हे काय करून बसले. तू माझं डोकं धूत होतीस आणि म्हणालीस, आठवडाभर बघू नकोस, मी बघते. तू रोज बघितलंस आणि मला नुसतं "ठीक आहे" म्हणून सांगितलंस. तेवढ्यावर मी तो आठवडा काढला. गावभर मी सगळ्यांचे केस धुते, माझे कुणी धुतले नव्हते गं तुझ्यानंतर.

सिगरेट अजून बंद आहे. ड्रायव्हरची चालू आहे, पण आता तो प्रवाशाचं नाव सांगत नाही. दादाने परवा फोनवर विचारलं, "आता हात वर जातो का?" स्पीकरवर. मी म्हटलं, जातो. मागून तुझ्या शेजाऱ्याचा आवाज आला, छान छान.

दुकानात आधी दोन आठवडे नुसती बसून पैसे घेत होते, मग विंचरायला लागले, आता पूर्ण काम करते. एका गिऱ्हाइकाने कानाशी येऊन विचारलं, तुम्ही ते केलंत म्हणे, मीही करू का? मी 'करा' म्हटलं नाही, 'करू नका'ही नाही. व्रण कुठे येतो तो एप्रनवर बोट फिरवून दाखवला, सिगरेट ओढता का ते विचारलं, आणि कुणासाठी करताय तेही. ती म्हणाली, विचार करते.

काल शनिवार होता, खूप गर्दी. सकाळपासून एकामागून एक. एकीचे सरळ कापले, एकीला पहिल्यांदाच आखूड हवे होते, ती घाबरून डोळे मिटून बसली होती, तिच्याशी गप्पा मारत मारत कापले. छान झाले. रात्री दिवे मालवले, केर काढला, शटर ओढलं. अर्ध्या वाटेत आठवलं आणि मी रस्त्यात उभी राहिले. दिवसभरात स्वतःकडे बघायचंच राहून गेलं होतं.

तुझी,
वन्सं